सप्ताहाच्या मंडपातील चेहरे : अवघड प्रकाशातील व्यक्तिचित्रणाविषयी

अवघड प्रकाशात माणसांचे सहज, बोलके चेहरे टिपायला शिकायचे असेल, तर गावच्या अखंड हरिनाम सप्ताहासारखी दुसरी जागा मला माहीत नाही. तुकाराम बीज, रामनवमी, हनुमान जयंती किंवा श्रावण महिना अशा निमित्तांनी महाराष्ट्रात गावोगावी सप्ताह बसतात. पहाटेचा काकडा, सकाळचे ज्ञानेश्वरी पारायण, संध्याकाळचा हरिपाठ आणि रात्रीचे कीर्तन हा क्रम सातही दिवस सहसा बदलत नाही. दिवे तेच असतात आणि आपापली जागा धरून बसणारी माणसेही बहुतेक तीच असतात. त्यामुळे आज जे साधले नाही, ते उद्या त्याच वेळी, त्याच खांबाशेजारी पुन्हा समोर येते. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे की, प्रकाशाचा हिशेब माणसाकडे पाहण्याआधीच उरकून घ्यावा, कारण कॅमेऱ्याची बटणे चाचपण्यात लक्ष गुंतलेले असताना चेहऱ्यावरचा भाव येऊन गेलेलाही कळत नाही.

मंडपातला दिवसाचा प्रकाश दिसायला सौम्य असला, तरी फसवा असतो. वर ताणलेले कापड गुलाबी, भगवे किंवा निळे असेल, तर त्यातून झिरपणारा प्रकाशही त्याच रंगाचा होतो आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ती छटा चढते. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंग जुळवण्याची सोय) बदलून ती कमी करता येते, पण पूर्ण काढता येत नाही, कारण कनातीच्या फटीतून येणारा उजेड त्याच चेहऱ्याच्या दुसऱ्या गालावर वेगळ्या रंगाने पडलेला असतो. यावर संगणकावर तासन्‌तास झटण्यापेक्षा जागा बदलणे हाच खरा उपाय आहे. मंडपाच्या कडेला, जिथे मोकळ्या आकाशाचा उजेड आडवा आत येतो, तिथे बसलेल्या माणसांकडे आधी पाहावे. त्यांचा एक गाल उजळलेला आणि दुसरा सावलीत असतो, डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका असतो आणि सुरकुत्यांना उठाव येतो. एक्स्पोजर (चित्रात किती उजेड घ्यायचा ते) त्या उजळ गालावर धरावे आणि सावलीची बाजू खुशाल गडद होऊ द्यावी.

पारायणाच्या वेळी आणखी एक गोष्ट घडते, जी मला फार मोलाची वाटते. वाचक पुढ्यात पोथी उघडून खाली मान घालून बसतात. वरून येणारा उजेड खरे तर त्यांचे डोळे भुवयांच्या सावलीत बुडवणार असतो, परंतु पोथीची पांढरी पाने तोच उजेड खालून चेहऱ्यावर परत फेकतात. ऊन मंडपाच्या कडेशी पोहोचले आणि एखाद्या पोथीवर त्याची तिरीप पडली, की ती वाचणाऱ्या आजींच्या हनुवटीपासून कपाळावरच्या बुक्क्यापर्यंत सगळा चेहरा उजळतो. अशा वेळी कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर न्यावा, म्हणजेच स्वतः जमिनीवर बसावे. ओठ ओवीबरोबर हलत असतात, बोट ओळीवरून सरकत असते आणि एखाद्या ओवीशी नजर क्षणभर थबकते. तो थबकलेला क्षण हवा असेल, तर कॅमेरा डोळ्याला लावून वाट पाहण्याची तयारी लागते.

पांढरे कपडे ही या जागेतली मोठी अडचण आहे. टोपी, सदरा, धोतर आणि उपरणे पांढरे, चेहरा मात्र उन्हाने रापलेला असतो. कॅमेऱ्याचे उजेड मोजणारे मीटर समोरचे सारे मध्यम करड्या उजळपणाचे आहे असे धरून चालते, म्हणून चौकटीत पांढरे जास्त आले की ते एकूण चित्र काळवंडून टाकते आणि चेहरा आणखी अंधारात जातो. मी स्पॉट मीटरिंगने, म्हणजे चौकटीतल्या लहानशा ठिपक्यापुरता, गालावरचा प्रकाश मोजतो आणि मॅन्युअल मोडवर, म्हणजे कॅमेऱ्याला स्वतःहून काही बदलू न देता, तेच माप कायम ठेवतो. टोपीचा थोडा भाग चित्रात तपशील हरवून निव्वळ पांढरा झाला, तरी मला त्याचे दुःख होत नाही. रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) त्यातले काही परत मिळते. चेहऱ्याचा गेलेला तपशील मात्र नंतर ओढून वर काढला की त्याबरोबर चित्रातले खरखरीत दाणेही वर येतात.

रात्रीच्या कीर्तनाला प्रश्न पूर्ण बदलतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळे मंडपातले कित्येक एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण १/५०० सेकंदासारख्या वेगवान शटरला चित्रावर आडवे काळपट पट्टे उमटतात. आवाज होऊ नये म्हणून अनेक जण मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याचे मूक इलेक्ट्रॉनिक शटर वापरतात आणि त्यात हे पट्टे अधिकच ठळक होतात. म्हणून मेकॅनिकल शटर, १/१०० सेकंद (दिव्याच्या एका उजळण्या-मंदावण्याइतका वेळ), लेन्सचे मोठे छिद्र म्हणजे एफ/२ आणि प्रकाशाची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ ३२०० ते ६४०० इथपासून सुरुवात करावी. ऐकणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याला १/१०० पुरते. ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’चा गजर सुरू होऊन टाळकरी उड्या घेऊ लागले की हात आणि टाळ अस्पष्ट येतील, ते येऊ द्यावेत. फ्लॅश मात्र इथे कधीही वापरू नये. त्याने कीर्तनकाराचा आणि श्रोत्यांचा धागा तुटतो.

नवीन छायाचित्रकार सहसा कीर्तनकाराकडेच कॅमेरा रोखून बसतात. माझ्या मते, निरूपणात दृष्टान्त रंगात आला की कॅमेरा श्रोत्यांकडे वळवावा. व्यासपीठावरच्या दिव्यांचा उजेड पहिल्या काही रांगांवर समोरून पडतो आणि मागे झपाट्याने कमी होतो, कारण एका दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई उरतो. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेचे माप आधीच घेऊन ठेवले, की हसू, हळहळ आणि डोळे मिटून डोलणे यांपैकी काहीही आले तरी फक्त बटण दाबायचे उरते.

विण्याचा पहारा, म्हणजे वीणा गळ्यात घेऊन उभे राहण्याची पाळी, बदलतो तो प्रसंगही असाच आधी तयारी करता येण्याजोगा आहे. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारेकऱ्यांची यादी आणि वेळा ठरलेल्या असतात. नवा पहारेकरी येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते आणि उतरणाऱ्याच्या चेहऱ्यावर थकवा आणि समाधान एकाच वेळी दिसते. काकड्याच्या सुमाराचा पहारा असेल, तर समईचा पिवळा उजेड आणि बाहेरची निळसर पहाट एकत्र येतात. तिथे ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करून तो ४००० केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) आसपास ठेवला, तर दोन्ही रंग आपापल्या जागी राहतात.

माणसे कॅमेरा विसरतात ती लपून फोटो काढल्यामुळे नव्हे, तर आपण त्यांच्या परिचयाचे झाल्यामुळे. म्हणून पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेवावा, समितीच्या मंडळींना आणि विणेकऱ्याला भेटून परवानगी घ्यावी, पंगतीला बसावे, हरिपाठाला उभे राहावे. एखाद्याचा फोटो निघाल्यावर त्याला तो दाखवून ‘माउली, हा ठेवला तर चालेल ना?’ असे विचारावे आणि त्याने मान हलवून नकार दिला, तर तो त्याच्यासमोरच पुसून टाकावा. लहान मुलांच्या बाबतीत घरच्यांना विचारल्याशिवाय काहीही प्रसिद्ध करू नये.

निवड त्याच रात्री करावी, म्हणजे काय हुकले ते दुसऱ्या दिवशी भरून काढता येते. रंगांचा गोंधळ झाला म्हणून सरसकट कृष्णधवल करण्याची सवय मला पटत नाही, कारण गोपीचंदन आणि भगवी पताका यांचा रंग हा त्या माणसांच्या ओळखीचाच भाग आहे. काल्याच्या कीर्तनाच्या दिवशी निवडक फोटोंच्या प्रती छापून ज्यांच्या त्यांच्या हाती द्याव्यात. पुढच्या वर्षीच्या कामाची परवानगी बहुतेक वेळा तिथेच मिळते.