टू बाय टू प्रयोगाचा निकाल वाचताना: आधी आंतरक्रिया, मग मुख्य परिणाम

मुंबईत लोकलमध्ये अभ्यास उरकणारे विद्यार्थी थोडेथोडके नाहीत, म्हणून उदाहरणही तेच घेऊ. गोंगाटात पाठ केलेलं शांततेत आठवतं का? इथे घटक दोन: पाठ करतानाचं वातावरण आणि आठवतानाचं वातावरण. प्रत्येकाच्या दोन पातळ्या: शांतता, किंवा हेडफोनवर डब्यातला रेकॉर्ड केलेला गोंगाट. दोन गुणिले दोन, झाले चार गट; म्हणून हा टू बाय टू प्रयोग. प्रत्येकात 20 जण. कोण कुठल्या गटात, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. 20 शब्दांच्या यादीतले सरासरी किती आठवले, याचे आकडे समजा असे आले:

शांततेत पाठ, शांततेत आठवलं: 14
शांततेत पाठ, गोंगाटात आठवलं: 10
गोंगाटात पाठ, शांततेत आठवलं: 9
गोंगाटात पाठ, गोंगाटात आठवलं: 13

मुख्य परिणाम म्हणजे एकट्या घटकाचा सरासरी परिणाम; तो काढताना दुसरा घटक डोळ्यांआड करायचा. शांततेत पाठ करणाऱ्यांची सरासरी 12, गोंगाटात करणाऱ्यांची 11, फरक 1. आठवतानाच्या वातावरणासाठी दोन्हीकडे 11.5, म्हणजे फरक शून्य. गटागटांतली माणसं कमीजास्त असतील तर सगळ्यांचे गुण एकत्र मिसळू नका, गटांच्या सरासरींची सरासरी घ्या; नाहीतर मोठा गट आकडा आपल्याकडे ओढतो.

‘आठवताना गोंगाट असला तरी काही बिघडत नाही’ असं इथेच लिहून टाकलंत, तर निष्कर्ष साफ चुकेल. शांततेत पाठ करणाऱ्यांचे गोंगाटाने 4 शब्द घटले, गोंगाटात पाठ करणाऱ्यांचे 4 वाढले. बेरजेत दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून फरकांमधला फरक काढा: (14−10) − (9−13) = 8. हीच आंतरक्रिया: एका घटकाचा परिणाम दुसऱ्या घटकाच्या पातळीवर अवलंबून असणं. आलेखावर दोन रेषांची फुली होते; आंतरक्रिया नसती तर रेषा साधारण समांतर गेल्या असत्या. गॉडन आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी 1975 मध्ये पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हर्सना किनाऱ्यावर आणि पाण्याखाली शब्द पाठ करायला आणि आठवायला दिले, तेव्हा निकालाचा आकार असाच होता.

अगदी समांतर रेषा प्रत्यक्षात जवळजवळ कधीच येत नाहीत, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. अनोव्हात, म्हणजे गटांच्या सरासरींतले फरक तपासणाऱ्या चाचणीत, तीन एफ मिळतील: दोन मुख्य परिणामांचे, एक आंतरक्रियेचा. फरक योगायोगाच्या चढउतारापेक्षा किती मोठा, ते एफ सांगतो. प्रत्येकाच्या डिग्रीज ऑफ फ्रीडम (एफसोबत लिहायचे दोन आकडे) 1 आणि 76, म्हणजे 80 माणसं वजा 4 गट. वाचायला सुरुवात आंतरक्रियेच्या एफपासून करा. आंतरक्रिया सार्थक असेल, म्हणजे निव्वळ योगायोगाने येण्याजोगी नसेल, तर प्रत्येक पातळीवरचा परिणाम वेगळा तपासा.

सर्वांत जास्त चूक इथे होते: एका पातळीवर पी (परिणाम नसतानाही इतका फरक योगायोगाने येण्याची शक्यता) 0.04, दुसरीवर 0.06, म्हणजे एक 0.05 च्या रूढ मर्यादेखाली आणि दुसरा वर, म्हणून ‘आंतरक्रिया आहे’ असं लिहिलं जातं. हा पुरावाच नव्हे. दोन फरकांची थेट तुलना आंतरक्रियेची एफ चाचणीच करते.

यादी फार सोपी असेल तर सगळेच 19–20 वर जाऊन अडकतात आणि खोटी आंतरक्रिया दिसते, किंवा खरी लपते. आधी चार-पाच जणांवर यादी चालवून बघा. माणसांचा हिशेबही आधीच करा: एका पातळीवर दिसणारा परिणाम दुसरीवर पूर्ण नाहीसा होतो असं दाखवायचं असेल, तर साध्या दोन गटांच्या प्रयोगाइतकीच ताकद (खरा परिणाम पकडण्याची शक्यता) मिळवायला प्रत्येक गटात दुप्पट, म्हणजे एकूण चौपट माणसं लागतात.