नाशिकमध्ये रस्ता चुकलात? उताराला लागा

कामासाठी नाशिकला आलात, दिवस मोकळा मिळाला आणि जुन्या गावात पायी फिरायचंय, तर त्या बोळांमध्ये मोबाईलचा नकाशा फार गोंधळ घालतो. परवा मीही दहीपुलाजवळ दोनदा त्याच चौकात आले. मग सापडलेली युक्ती:

१. सामान रेल्वे स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. स्टेशन नाशिकरोडला, गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूर. बसने सीबीएसला, म्हणजे गावातल्या मध्यवर्ती बस स्थानकाला या.

२. तिथून मेन रोड, सराफ बाजार, भांडी बाजार असे निवांत फिरा. जुनं नाशिक टेकाडांवर वसलंय आणि नदीच्या बाजूला उतरत जातं. वाट चुकली की उतार धरा, गोदावरी लागते.

३. विचारायचं तर "गंगेवर कसं जायचं?" असं विचारा. इथे गोदावरीला गंगाच म्हणतात, लोक लगेच हात दाखवतात.

४. घाटावर दुतोंड्या मारुती ही खूण पक्की धरा. कुणाशी चुकामूक झाली तरी तिथेच भेटायचं ठरवा. पलीकडे पंचवटीत काळाराम मंदिर आणि सीतागुंफा चालत अगदी जवळ. १९३० चा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह याच काळारामाच्या दारी झाला, म्हणून तिथे घाई करू नका.

बूट नकोत, चपला घाला. देवळांत सारख्या काढाव्या लागतात.

पावसाळ्यात मात्र आधी चौकशी करा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाट बुडतो, आणि ओसरल्यावरही पायऱ्या शेवाळ-गाळाने निसरड्या असतात.