कोंबुचाचं किट आणलंय? आधी पिशवीतलं पाणी मोजा

नाशिकमध्ये वाइन आणि बिअरच्या गप्पा रंगल्या की घरीच किट आणून बिअर करायचा विषय निघतोच. पण महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं हा गुन्हा आहे. आंबवण्याची कला घरच्या ओट्यावर शिकायची असेल तर कोंबुचा हा उत्तम रस्ता. स्वच्छता, तापमान, साखर, बाटलीतला दाब, सगळे धडे यात मिळतात.

कोंबुचा म्हणजे गोड काळा चहा आंबवून केलेलं आंबटगोड, फसफसणारं पेय. यीस्ट साखर खाऊन थोडं अल्कोहोल आणि वायू तयार करतं, आणि जिवाणू ते अल्कोहोल खाऊन त्याचं आम्ल करतात. दोघं एकत्र नांदतात ती रबरासारखी चकती म्हणजे स्कोबी. किट उघडलं की सगळे त्या चकतीकडेच बघतात. खरं काम मात्र ती ज्या आंबट पाण्यात बुडलेली असते ते पाणी करतं. दह्याला विरजण तसं कोंबुचाला हे पाणी. चकती नसली तरी चालून जातं, नवी धरते. विरजण कमी पडलं तर मात्र बुरशी आलीच म्हणून समजा.

म्हणून पहिलं काम पाणी मोजायचं. बऱ्याच किटमध्ये ते 100 ते 150 मिली असतं आणि सोबतच्या कागदावर दोन-तीन लिटरची कृती छापलेली असते. तिकडे दुर्लक्ष करा. विरजण एकूण पेयाच्या किमान दहा टक्के हवं, पहिल्या वेळी पंधरा टक्के. 150 मिली असेल तर पहिला घाणा एक लिटरचाच. त्याला व्हिनेगरसारखा स्वच्छ आंबट वास यायला हवा. कुबट वास आला किंवा पिशवीत बुरशी दिसली तर किट परत करा.

एका लिटरला पाणी 850 मिली, साधी साखर 70 ग्रॅम, काळी चहापत्ती 5 ग्रॅम (सपाट अडीच चमचे) आणि विरजण 150 मिली. साखर कमी करू नका, ती कल्चरचं, म्हणजे यीस्ट आणि जिवाणूंचं, खाद्य आहे आणि त्यातली काही तेच संपवतं. गूळ, मध, स्टीव्हिया पहिल्या घाण्यात नको. मसाला चहा, तुळशीचा चहा, वासाचा चहा तर नकोच, कारण त्यातली सुगंधी तेलं कल्चरला मारक ठरतात.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. दहा मिनिटं उकळून, जाळी झाकून रात्रभर थंड होऊ द्या आणि मग 850 मिली मोजून घ्या. त्यातलं 350 मिली पुन्हा उकळवा, गॅस बंद करा, मग पत्ती टाका आणि झाकण ठेवा. इथेच आपला हात चुकतो. आपल्याला चहा खळखळ उकळायची सवय, आणि दाणेदार पत्ती तशी उकळली की इतकी कडू, तुरट होते की दहा दिवस आंबूनही तो तुरटपणा जात नाही. दाणेदार पत्तीला चार मिनिटं, पानाच्या चहाला सात-आठ मिनिटं पुरतात. गाळा, साखर विरघळवा, उरलेलं 500 मिली थंड पाणी ओता. पातेल्याला मनगट लावल्यावर अजिबात ऊब जाणवली नाही, म्हणजे 30 अंशांच्या आत आलं, की मगच विरजण घाला. गरम चहात विरजण घालणं म्हणजे त्याला मारणं.

बरणी काचेची, रुंद तोंडाची आणि घाण्यापेक्षा मोठी हवी, एका लिटरला दीड-दोन लिटरची. लोणच्याची जुनी बरणी नको, तिचा वास आणि तेलकटपणा जात नाही. तांबं-पितळ, अ‍ॅल्युमिनियम आणि जुनी चिनीमाती आम्लापासून लांबच ठेवा. बरणी गरम पाण्याने धुवा, साबणाचा अंशही राहू देऊ नका. चहा, विरजण आणि वर चकती घाला. चकती तरंगो, बुडो वा आडवी राहो, काही बिघडत नाही. तोंडावर मांजरपाटाचं दुहेरी फडकं रबराने घट्ट बांधा. मलमल विरळ असते, चिलटं आत शिरून अंडी घालतात. किटमध्ये पीएच पट्ट्या (आंबटपणा मोजणाऱ्या कागदी पट्ट्या) असतील तर आत्ताच बघा. आकडा 4.5 च्या खाली हवा. वर असेल तर विरजण कमी पडलंय, आणखी घाला.

उजेड आणि कांदे-बटाट्यांची टोपली यांपासून लांब, हवा खेळेल अशी जागा निवडा. 24 ते 29 अंश सगळ्यांत छान. नाशिकच्या हवेत ते वर्षभर आपोआप मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत घाणा पंधरा-वीस दिवसही घेतो. थंडीत आम्ल हळू वाढतं आणि बुरशीला सवड मिळते, म्हणून विरजण वीस टक्के करा आणि बरणी टॉवेलात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. मेमध्ये उलटं होतं, पाच-सहा दिवसांतच पेय जहाल आंबट होतं. अशा वेळी बरणी परातीतल्या पाण्यात ठेवून अंगाभोवती ओलं कापड गुंडाळा. कोरड्या हवेत माठासारखीच ती थंड राहते. तोंडावरचं फडकं मात्र कोरडं हवं. पावसाळ्यात सादळलेलं फडकं लगेच बदला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर सायीसारखा पातळ पापुद्रा धरतो. खाली तपकिरी तंतू लोंबतात, ते यीस्ट आहे, घाबरू नका. बुरशी ओळखायची ती कोरड्या, लवदार, गोल ठिपक्यांवरून. पांढरे, हिरवे, काळे, कुठलेही. ती नेहमी पृष्ठभागावरच येते. आली तर चकतीसकट सगळं फेकून द्या. वरचं काढून खालचं वाचवायचा मोह धरू नका. पांढरी, सुरकुतलेली, लव नसलेली साय हे वेगळं यीस्ट. ते घातक नसतं, पण चव बिघडवतं, त्यामुळे त्या घाण्याचं विरजण पुढे वापरू नका.

सातव्या दिवसापासून स्वच्छ चमच्याने रोज चाखा. गोडी मागे राहून आंबटपणा पुढे आला, पीएच 2.5 ते 3.5 च्या दरम्यान दिसला की झालं. बरणी न ढवळता वरचं किमान 200 मिली पुढच्या विरजणाला आधीच काढून ठेवा. यीस्ट तळाशी बसतं, म्हणून वरचंच पाणी चांगलं. हे 200 मिली असलं की पुढचा घाणा दोन लिटरचा करता येतो.

तयार पेय असंच पिता येतं. फेस हवा असेल तर दुसरी आंबवणी बंद बाटलीत करायची, आणि इथे नाशिककरांची चैन आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड-दिंडोरीकडची काळी द्राक्षं स्वस्त असतात. ती नीट धुवून, कुस्करून, गाळून रस काढा. द्राक्षांच्या सालीवर रानटी यीस्ट असतं, त्यामुळे कच्च्या रसाची बाटली कधी एका रात्रीत फुगते, कधी तीन दिवस हलत नाही. रस 80 अंशांपर्यंत, म्हणजे कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत, तापवून थंड केला की अंदाज नीट लागतो. 450 मिली कोंबुचाला 40 मिली रस, आणि वर दोन बोटं जागा.

बाटली सॉफ्ट ड्रिंकची, प्लास्टिकचीच घ्या. पाण्याची प्लास्टिक बाटली फार पातळ असते, आणि दाबासाठी न बनवलेली काचेची बाटली बॉम्बसारखी फुटते, तुकडे डोळ्यात जातात. सॉफ्ट ड्रिंकची बाटली दाबून बघता येते, हाच तिचा मोठा गुण. अंगठ्याने दाबली आणि भरलेल्या सोड्यासारखी टणक लागली की लगेच फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात एक दिवस, थंडीत तीन-चार. "अजून थोडा फेस येऊ दे" म्हणून बाहेर ठेवू नका. बंद बाटलीत हवा नसल्याने जिवाणू मंदावतात, यीस्ट चालूच राहतं, आणि दाबाबरोबर अल्कोहोलही वाढतं. एक दिवस गार करून, झाकण हळूहळू सैल करत उघडा.

थोडं अल्कोहोल यात कायम असतंच, पहिल्या आंबवणीनंतर साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पाहुण्यांना देण्याआधी तसं सांगा. कोणी अजिबात घेत नसेल तर त्यांना ठरवू द्या. गरोदर बाई, लहान मुलं, प्रतिकारशक्ती कमी असलेले आणि यकृत-मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी घरचा कोंबुचा टाळावा. इतरांनीही सुरुवात दिवसाला 100 मिलीपासून करावी.

गावाला जायचं असेल तर चकती फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीत जिवाणू मंदावतात आणि परत आल्यावर बुरशी चटकन धरते. नेहमीचाच गोड चहा करून त्यात विरजण आणि चकती घाला आणि कापड बांधून बाहेरच ठेवा. महिनाभर निर्धास्त राहते. परत आल्यावर ते पाणी प्यायला फार आंबट, पण विरजण म्हणून उत्तम.