सेल्फ फिरतो, पण गाडी स्टार्ट घेत नाही: आधी काय तपासाल?

किल्ली फिरवल्यावर सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. अशा वेळी सोसायटीतले चार जण धक्का मारायला येतात आणि पाचवा ‘बॅटरी गेली’ म्हणून सांगतो. सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरत असेल तर बॅटरी बहुधा ठीक आहे, आणि धक्का मारूनही फायदा नाही, कारण इंजिन फिरवायचं काम सेल्फ करतोच आहे. उलट न जळलेलं पेट्रोल पुढे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो महागडा भाग खराब होऊ शकतो. माझं आग्रहाचं सांगणं एकच: कारण कळेपर्यंत एकही पार्ट बदलू नका.

सर्वात आधी पाण्याचा विचार करा. पावसाळ्यात ठाण्यात वंदना टॉकीजच्या परिसरात किंवा एखाद्या सबवेत पाण्यातून जाताना गाडी बंद पडली असेल, तर पुन्हा सेल्फ मारूच नका. एअर फिल्टरच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांचं काम लाखावर जातं. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. गाडी टो करून गॅरेजला न्या. पेट्रोल किंवा गॅसचा उग्र वास येत असेल तरीही सेल्फ मारू नका. गाडीतून उतरून लांब उभे राहा आणि मेकॅनिकला बोलवा.

पाण्याचा किंवा वासाचा प्रश्न नसेल तर पुढे चला. एका वेळी १० सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये अर्धा मिनिट तरी थांबा, नाहीतर सेल्फची मोटर तापून जळते.

आता आवाज ऐका. सेल्फ रडतखडत फिरत असेल तर मात्र बॅटरीचा संशय घ्या. उभ्या गाडीत चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती १० च्या बरीच खाली गेली, तर इंजिन फिरूनही कॉम्प्युटर आणि इंजेक्टर नीट चालत नाहीत. जंपर केबल लावून पाहा. याच्या उलट, सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सरसर, एकसुरी फिरत असेल तर व्हॉल्व्हची उघडझाप जुळवणारा टायमिंग बेल्ट किंवा चेन तुटल्याची शक्यता आहे. तिथेच थांबा, पुढे फिरवल्यास बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकू शकतात.

मीटरकडेही बघा. किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा, किल्ली ओळखत नाही, म्हणून गाडी पेटू देत नाही. घरातली दुसरी किल्ली आणून बघा. बटण स्टार्टच्या गाडीत रिमोटचा सेल उतरला असेल, तर बहुतेक मॉडेलमध्ये रिमोट बटणाला टेकवून चालतं.

यानंतर इंधन. किल्ली ‘ऑन’वर ठेवा, सेल्फ मारू नका आणि मागच्या सीटकडे कान द्या. पेट्रोल गाडीत दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी, तो टाकीतला पंप. रस्त्यावर गर्दी असेल तर काचा लावून कुणाला तरी मागे बसवा. आवाज नसेल तर फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा पाहून पंपाचा फ्यूज काढून बघा. त्यातली तार तुटली असेल तर तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज लावा, मोठा नको. हॉर्नचा रिले (वीज जोडणारा छोटा स्विच) त्याच नंबरचा असेल तर तो पंपाच्या जागी लावून पाहता येतो. हे फुकटातलं काम आहे आणि कितीदा तरी दोष इथेच सापडतो.

आपल्याकडे सीएनजी गाड्या ढिगाने आहेत, त्यांची गोष्ट थोडी वेगळी. बहुतेक गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि मग गॅसवर जातात. गॅस स्वस्त म्हणून पेट्रोलचा काटा महिनोन् महिने तळाशी ठेवला जातो. पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, तो कोरडा पडला की लवकर जातो. शिवाय आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओल खेचतं. टाकीत निदान पाव भाग पेट्रोल ठेवा आणि ते अधूनमधून वापरून संपवा.

पंप चालतोय, पण सारखा सेल्फ मारल्याने पेट्रोलचा हलका वास येऊ लागला, तर स्पार्क प्लग पेट्रोलने ओले झालेत. पाच-दहा मिनिटं थांबा. वास गेल्यावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून एकदा सेल्फ मारा. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्या असं केल्यावर पेट्रोल बंद करतात आणि हवेने सिलिंडर सुकतो.

बॉनेट उघडा आणि वायरी बघा. येऊरच्या पायथ्याशी किंवा घोडबंदर रोडला उघड्यावर गाडी लावणाऱ्यांनी तर नक्कीच. उंदीर इंजेक्टरच्या आणि सेन्सरच्या वायरी कुरतडतात. लेंड्या, कापसाचे तुकडे दिसले की उत्तर जवळच आहे.

इथवर काही सापडलं नाही तर सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. काटा जराही हलत नसेल तर क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरचा, संशय येतो. काही गाड्यांत मात्र सेन्सर चांगला असूनही काटा हलत नाही, म्हणून दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून खात्री करा. पी ०३३५ हा कोड त्याच सेन्सरच्या सर्किटचा. गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर सुरू होते, असं होत असेल तर हा सेन्सर आधी तपासायला सांगा. ठिणगी आणि कॉम्प्रेशनची (सिलिंडरमधल्या दाबाची) तपासणी मेकॅनिककडेच करा. कॉइल काढून हातात धरून ठिणगी बघू नका, तो झटका जबर असतो.

डिझेल गाडीत प्लगची ठिणगी नसते. तिथे सिलिंडर गरम करणाऱ्या ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबून सेल्फ मारा आणि डिझेल फिल्टरमधलं पाणी काढून घ्या. टाकी पूर्ण रिकामी झाली असेल तर पाइपात हवा अडकते, ती काढल्याशिवाय नुसतं डिझेल भरून गाडी उठत नाही.

मेकॅनिकला फोन करताना ‘गाडी बंद आहे’ एवढंच सांगू नका. सेल्फचा आवाज कसा होता, पंप गुणगुणला की नाही, कोणता दिवा लागला आणि आदल्या दिवशी गाडीने काय केलं, हे सांगा, म्हणजे तो योग्य सामान घेऊनच येईल.