वजन तेलासकट की तेलाविना?

सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करताना यीस्टपासून तेल हा प्रकल्प मी घेतला, तो द्राक्षाच्या चोथ्याकडे पाहून. नाशिकच्या वायनऱ्यांतून हंगामात चोथ्याचे ढीग निघतात. त्यातील साखर यीस्टला द्यायची आणि तेल किती व केव्हा मिळेल हे समीकरणांनी आधीच सांगायचे, असा बेत होता. (साखर उरते ती पांढऱ्या वाइनच्या चोथ्यात, लाल वाइनचा चोथा आंबल्यानंतर पिळला जात असल्याने त्यात ती फारशी नसते, हे मला पहिली खेप आणल्यावर समजले.) नव्याने या विषयाकडे वळणाऱ्यांसाठी माझी सर्वांत महाग पडलेली चूक येथे लिहिते.

कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांहून अधिक तेल साठवणाऱ्या यीस्टना तैलसंचयी म्हणतात. यारोविया लिपोलिटिका, रोडोटोरुला टोरुलॉइडीस आणि लिपोमायसिस स्टार्की ही त्यांतील नेहमीची नावे. माध्यमातील (पेशी ज्यात वाढवतात त्या द्रावणातील) नत्र संपते पण साखर शिल्लक असते, तेव्हा पेशीतील एएमपी (ऊर्जेच्या व्यवहारातील एक लहान रेणू) घटते, आयसोसायट्रेट डिहायड्रोजिनेज हे विकर मंदावते, साचलेले सायट्रेट मायटोकॉन्ड्रियाबाहेर पडते आणि एटीपी-सायट्रेट लायेज हे दुसरे विकर त्यापासून अ‍ॅसिटिल-कोए तयार करते, ज्यापासून पुढे तेल बनते. म्हणजे आधी पेशी वाढतात आणि मग त्याच पेशी भरतात.

हे सगळे परीक्षेत लिहून आलेली मी, प्रत्यक्षात मात्र रोजच्या नमुन्याचे कोरडे वजन सरळ मोनोच्या, म्हणजे पोषक द्रव्याच्या प्रमाणावरून पेशींच्या वाढीचा वेग सांगणाऱ्या, समीकरणात घालत होते. नत्र पुरवणारे अमोनियम दुसऱ्याच दिवशी संपले होते आणि वजन चौथ्या दिवशीही वाढत होते. एक्सेलचा सॉल्व्हर (आकड्यांना जुळणारे स्थिरांक शोधणारे साधन) बिचारा स्थिरांक ताणून ताणून वक्र जुळवू पाहत होता, आणि मी संध्याकाळ संध्याकाळ त्याला नवे प्रारंभिक आकडे पुरवत होते. मार्गदर्शक मॅडमनी आलेख पाहिला आणि एवढेच विचारले, “अगं, हे वजन तेलासकट आहे ना?”

त्या दिवसापासून प्रत्येक नमुन्यातील तेल वेगळे मोजून ते एकूण वजनातून वजा करू लागले. तेलाविना उरलेल्या वजनाचा वक्र नत्र संपताच आडवा झाला. त्यानंतरची मांडणी सोपी होती: तेलविरहित पेशींची वाढ नत्रावर अवलंबून, तेलनिर्मितीचा वेग त्या पेशींच्या प्रमाणात, साखर असेपर्यंत चालू आणि नत्र जास्त असताना दबलेला. उत्पादनाचा वेग पेशींच्या वाढीशी आणि प्रमाणाशी जोडणारे ल्यूडेकिंग आणि पिरे यांचे 1959 चे समीकरण अनेक जण येथे वापरतात. पण ते लॅक्टिक आम्लासाठी मांडलेले आहे आणि नत्र संपल्यावर तेलाचा वेग का वाढतो, हे ते आपण होऊन सांगत नाही.

समीकरणे सोडवण्याआधी कागदावर नत्राचा हिशेब करावा, असे माझे ठाम मत आहे. अमोनियम सल्फेटमध्ये वजनाच्या सुमारे 21 टक्के नत्र असते, म्हणून लिटरमागे 2 ग्रॅम अमोनियम सल्फेटमधून 0.42 ग्रॅम नत्र मिळते. तेलविरहित पेशीत 8 टक्के नत्र धरले तर त्यातून जेमतेम 5 ग्रॅम पेशी होतील. माध्यमात घातलेला यीस्टचा अर्क (यीस्ट एक्स्ट्रॅक्ट) आणि खुद्द चोथा यांतील नत्र मी सुरुवातीला धरलेच नव्हते. तसेच 100 ग्रॅम ग्लुकोजपासून सैद्धांतिकदृष्ट्यासुद्धा सुमारे 32 ग्रॅमच तेल मिळू शकते, तेही एकही नवी पेशी न बनवता. मॉडेलने याहून जास्त दाखवले तर आनंद मानू नये.

आठ नमुन्यांच्या आकड्यांवर सहा-सात स्थिरांक एकदम बसवण्याचा मोह टाळावा. जे थेट मोजता येतात ते मोजून घ्यावेत आणि उरलेलेच सॉल्व्हरवर सोपवावेत. मॉर्टिएरेला अल्पिनासारख्या तेल साठवणाऱ्या बुरशीच्या गोळ्या बनत असल्याने फ्लास्कमधून पिपेटने घेतलेला नमुना विश्वासार्ह नसतो; तेथे प्रत्येक वेळेसाठी स्वतंत्र फ्लास्क ठेवून तो पूर्ण गाळावा लागतो.

शेवटची गोष्ट तापमानाची. आमच्या शेकरला (फ्लास्क सतत हलवत ठेवणाऱ्या यंत्राला) थंड करण्याची सोय नव्हती. फेब्रुवारीत 28 अंशांवर काढलेले स्थिरांक मे महिन्याच्या फ्लास्कना मुळीच लागू पडेनात, कारण दुपारी खोलीच तापलेली असे आणि त्यात शेकरच्या मोटारीची उष्णता मिळे. आता नोंदवहीत वजनाच्या रकान्याशेजारी मी तापमानाचा रकाना आखला आहे, आणि मेमधील फ्लास्क नव्याने लावले आहेत.