बॉनेटखालून चूंऽऽ आवाज येतोय? बेल्ट बदलायच्या आधी हे तपासा

सकाळी गाडी स्टार्ट केली की बॉनेटखालून चूंऽऽ असा कानात घुसणारा आवाज येतो, पाच-दहा सेकंदांत बंद होतो आणि मग दिवसभर काही नाही. पावसाळ्यात तर हे सगळीकडे ऐकू येतं. गॅरेजला नेली की बऱ्याचदा थेट फॅन बेल्ट बदलून मिळतो आणि महिनाभरात आवाज परत हजर, कारण ओरडतो बेल्टच पण त्याला ओरडायला लावणारा भलताच कोणीतरी असतो. तो आधी शोधा.

बाहेरून दिसणारा हा पट्टा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) फिरवतो, एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो, बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप आणि जुनं हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर त्याचा पंपही फिरवतो. यातल्या कुठल्याही पुलीवर (पट्टा ज्यावरून फिरतो ते चाक) लोड आला आणि पट्ट्याची पकड कमी पडली की तो घसरतो, आवाज त्या घसरण्याचा. सकाळीच का येतो? स्टार्टरने बॅटरीतून एकदम भरपूर करंट ओढलेला असतो, तो भरून काढायला अल्टरनेटर सुरुवातीला जोरात काम करतो, त्यात पट्टा रात्रभराच्या दमट हवेने ओलसर. ओल सुकली आणि लोड उतरला की आवाज जातो. कधीतरी एखाद्या ओल्या सकाळी दोन-तीन सेकंद आला तर सोडून द्या, पण कोरड्या हवेतही रोज येत असेल तर मागे लागा.

पहिलं काम म्हणजे आवाज कधी येतो ते नीट बघणं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. हेडलाइट आणि मागच्या काचेचा डिफॉगर लावला की वाढतो का, एसी लावल्यावर वाढतो का, हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर पूर्ण वळवल्यावर वाढतो का. ज्याने वाढेल त्या बाजूला संशय. क्लच दाबल्या-सोडल्यावर आवाज बदलत असेल तर पट्ट्याला हात लावू नका, ते क्लचच्या किंवा गिअरबॉक्सच्या बेअरिंगचं काम असू शकतं. आणि फक्त गाडी चालतानाच येत असेल, उभी असताना अजिबात नाही, तर आधी ब्रेक पॅड बघा, इंजिनवर पैसे घालवू नका.

आता पाण्याची टेस्ट. माझ्या मते घरच्या घरी करण्यासारखी सगळ्यात कामाची हीच, आणि फुकट. स्प्रे बाटलीत साधं पाणी घ्या, इंजिन आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता), आवाज येत असताना लांबूनच पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर थोडंसं मारा. ओढणी, ढगळ बाही, गळ्यातली चेन, मोकळे केस यातलं काही जवळ नको, इलेक्ट्रिक फॅन कधीही सुरू होतो. पाणी पडताच आवाज वाढला तर पट्टा घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे किंवा पट्टा झिजलाय. आवाज क्षणभर गेला आणि थोड्या वेळात परत आला तर पुली एका रेषेत नाहीयेत. असा आवाज लांब किंचाळीपेक्षा चिमणीसारखा तुटक-तुटक, चिवचिव येतो आणि आयडलवर जास्त कळतो. तिथे नवा पट्टा टाकून काही होणार नाही, वाकडी पुली किंवा टेन्शनर (पट्ट्याला ताण देणारा भाग) बघावा लागेल.

मग इंजिन बंद, चावी खिशात, इंजिन थंड झालं की टॉर्च लावून पट्टा बघा. नुसत्या चिरा शोधू नका, हल्लीचे ईपीडीएम नावाच्या सिंथेटिक रबराचे पट्टे चिरा न पडताही खाचांमधून झिजतात. खाचा चकचकीत दिसतायत का, कडेचे धागे सुटलेत का, कुठे तेल किंवा कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) लागलंय का. तेल दिसलं तर लीक आधी बंद करा, नाहीतर नवा पट्टाही तसाच खराब होणार. वॉटर पंपाखाली कुलंटचे वाळलेले डाग असतील तर बहुतेक पंपच गेलाय.

ताण जुन्या गाड्यांत बोल्टने लावतात, लांब भागावर अंगठ्याने दाबून साधारण १० मिमी खाली गेला तर ठीक, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. आवाज जावा म्हणून वाट्टेल तेवढा आवळू नका, अल्टरनेटर आणि पंपाचं बेअरिंग त्यानेच जातं. ऑटो टेन्शनर असेल तर इंजिन चालू असताना लांबूनच बघा, त्याचा हात जोरजोरात हलत असेल तर तो थकलाय. पट्टा काढता येत असेल तर एकेक पुली हाताने फिरवा, खरखर लागली किंवा आडवी डुगडुगली की चोर सापडला.

एवढं करूनही काही नाही आणि आवाज शिट्टीसारखा असेल, तर ऑइलची डिपस्टिक जरा वर ओढा. लगेच आवाज बदलला तर व्हॅक्यूम लीक किंवा पीसीव्हीकडे (इंजिनच्या आतले वायू बाहेर काढणारा व्हॉल्व्ह) बघायला सांगा.

बेल्ट ड्रेसिंगचा (पट्ट्याची पकड वाढवणारा चिकट) स्प्रे मारू नका, आवाज चार दिवस दबतो आणि चिकट थरावर धूळ बसते. आणि चालत्या गाडीत आवाजासोबत बॅटरीचा लाल दिवा लागला किंवा टेम्परेचरचा काटा चढायला लागला, तर घाटात असा नाहीतर घराजवळ, सुरक्षित जागा बघून लगेच इंजिन बंद करा. पट्टा तुटला असेल तर वॉटर पंपही बंद असू शकतो, पुढे रेटलीत तर हेड गॅस्केटचा (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) खर्च येईल, टोइंग त्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं.