नवी बॉडी की नवी लेन्स? पैसे मोजण्याआधी या चुका टाळा

दसरा-दिवाळीचे सेल लागले की हौशी फोटोग्राफर मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा डीएसएलआर आहे, त्यासोबत आलेली १८-५५ची किट लेन्स आहे, थोडे पैसे साठलेत. बॉडी बदलू की लेन्स घेऊ? तयार उत्तरं दोनच. जुनेजाणते म्हणतात, ‘लेन्सच घे, बॉडी दोन वर्षांत जुनी होते.’ दुकानदार म्हणतो, ‘सर, आता डीएसएलआर कोण घेतं? मिररलेसवर जा,’ म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या प्रकारच्या कॅमेऱ्यावर. दोन्ही उत्तरं कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत बरोबर असतात. तुमच्या बाबतीत कोणतं लागू पडतं ते कळायला तुमचे बिघडलेले फोटो बघावे लागतात, आणि नेमके तेच आपण सगळ्यात आधी डिलीट करून टाकतो.

‘फोटो शार्प येत नाही’ एवढ्यावर खरेदी करणं

ही एक तक्रार नाही, चार-पाच तक्रारी आहेत. फोटो संगणकावर शंभर टक्के मोठा करून बघा. सगळीच चौकट एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसली तर हात हललाय. मागचा पडदा स्वच्छ पण माणसाचे हात पुसट, तर माणूस हललाय, शटर कमी पडलंय. डोळ्याऐवजी कान किंवा मागची खुर्ची शार्प असेल तर फोकस चुकलाय. सगळं जागच्या जागी आहे पण रवाळ दिसतंय, तर उजेड कमी होता. आणि ट्रायपॉडवर, भर उजेडात, फोकस बरोबर असूनही फोटो मऊ येत असेल तरच लेन्सच्या काचेवर संशय घ्यायचा. हे शेवटचं फार क्वचित घडतं, पण दोष मात्र सगळ्यात आधी काचेलाच लागतो.

समजा, सोसायटीच्या गणपतीत मुलांचा नाच आहे. किट लेन्स ५५ एमएमवर, त्यामुळे अ‍ॅपर्चर एफ ५.६च्या पुढे उघडत नाही (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं). आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ६४००; शटर १/६० सेकंद. घरी येऊन बघितलं तर चेहरा ठीक, मागची झालर कडक, पण टिपऱ्या आणि हात पुसून गेलेत. वर रवाही आहे. म्हणजे शटर निदान १/२५० हवं होतं. दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). याच लेन्सवर ते मिळवायचं तर आयएसओ २५,६०० करावा लागेल.

आता दोन्ही वाटा मोजून बघा. ५० एमएम एफ १.८ लेन्स लावली तर एफ ५.६च्या तुलनेत सुमारे साडेनऊ पट उजेड आत येतो, म्हणजे तीन स्टॉपहून थोडा जास्त. शटर १/२५० करूनही आयएसओ अडीच हजारांच्या आसपास राहतो. उलट फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरची बॉडी घेतली आणि अ‍ॅपर्चर एफ ५.६च राहिलं, तर सेन्सर क्षेत्रफळाने सव्वादोन ते अडीच पट मोठा, म्हणजे फायदा एका स्टॉपहून थोडा जास्त. आयएसओ २५,६०० वर तिथे जेवढा रवा दिसेल तो क्रॉपवरच्या दहा-अकरा हजारांइतका. कितीतरी महाग वस्तू घेऊन प्रश्न अर्धाच सुटला. या फोटोपुरता निकाल लेन्सच्या बाजूने, आणि तोही कंपन्यांच्या यादीतल्या सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एकीच्या.

अर्थात ५० एमएम एफ १.८ घेतली की सगळं मिळालं असंही नाही. झूम गेला, पुढेमागे पायांनीच व्हायचं. पाच मीटरवरून एफ १.८ वर फोकसमध्ये राहणारा पट्टा जेमतेम पाऊण मीटरचा. पुढची रांग शार्प आली तर मागची धूसर होणारच. एफ २.८ वर येऊन आयएसओ वाढवण्याची तयारी ठेवावी लागते.

बॉडीचं बजेट काढणं, लेन्सचं विसरणं

फुल फ्रेमवर जाणारे इथे अडकतात. कॅननच्या क्रॉपसाठीच्या ईएफ-एस लेन्स त्यांच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. निकॉनच्या क्रॉपसाठीच्या डीएक्स लेन्स फुल फ्रेमवर बसतात, पण कॅमेरा चौकट कापतो आणि २४ मेगापिक्सेलचे साधारण १० उरतात. शिवाय क्रॉपवर ४०० एमएमएवढी दिसणारी ५५-२५०ची चौकट फुल फ्रेमवर २५०चीच. मोर लहान दिसायला लागला म्हणून नवीन कॅमेऱ्याला शिव्या घालणारे लोक असतात. तेव्हा किंमत मोजताना बॉडी अधिक लेन्स अशीच मोजा. नुसत्या बॉडीच्या आकड्यात आकर्षक दिसणारा सौदा बऱ्याचदा तिथेच मोडतो.

माउंट न बघता ‘लेन्स आयुष्यभर टिकते’ म्हणणं

लेन्स टिकते, पण तिचा माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला बसण्याची जोडणी, जुळेल असा नवा कॅमेरा निघत राहील याची हमी कुणी देत नाही. कॅननने २०१२ साली ईओएस एम ही मिररलेस मालिका काढली. पुढे २०१८ साली आरएफ हा वेगळा माउंट आला आणि एम मालिका गुंडाळली गेली. तिच्या ईएफ-एम लेन्स आरएफवर चढतच नाहीत, अ‍ॅडॉप्टरनेसुद्धा. त्याउलट डीएसएलआरच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून आरएफवर उत्तम चालतात.

निकॉनवाल्यांची अडचण वेगळी. डी ३५००, डी ५६०० अशा बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळणारी ५० एमएम एफ १.८ ‘डी’ लेन्स त्यांच्यावर बसते, फोटोही निघतो, पण ऑटोफोकस होत नाही. एएफ-एस लिहिलेली लेन्स घ्या. याच ‘डी’ लेन्स एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमधून निकॉनच्या झेड मिररलेस कॅमेऱ्यावर लावल्या तरी फोकस हातानेच करावा लागतो. हे दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही.

डीएसएलआर संपत आलेत म्हणून घाबरण्यात मात्र अर्थ नाही. लोक मिररलेसवर जात असल्याने त्यांच्या चांगल्या लेन्स सेकंडहँडमध्ये येत राहतात. पुढची पाच वर्षं हाच कॅमेरा वापरायचा असेल तर खरेदीला ही वेळ वाईट नाही.

बॉडी बदलायला हवी, तिथेही लेन्सच घेत राहणं

‘लेन्स आधी’ हा मंत्र जपणाऱ्यांची ही चूक. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उठतो. शटर १/२०००, ऊन लख्ख, लेन्स चांगली, तरी वीसपैकी पंधरा फोटोंत फोकस मागच्या काठावर. अशा वेळी सेटिंग आधी तपासा: फोकस सतत चालू ठेवणारा मोड आहे ना, म्हणजे कॅननवर एआय सर्व्हो, निकॉनवर एएफ-सी? एकच मधला पॉइंट निवडलाय की कॅमेऱ्यावर सोडलंय? ते सगळं बरोबर असूनही फोकस निसटत असेल तर कमी पडतेय ती बॉडी. कॅनन १५००डीमध्ये नऊ फोकस पॉइंट आहेत, डी ३५००मध्ये अकरा, आणि तेही चौकटीच्या मधल्या भागात. पक्षी कडेला गेला की कॅमेरा आंधळा. पक्ष्याचा डोळा ओळखून चौकटभर त्याच्या मागे जाणारी मिररलेस बॉडी इथे जो फरक पाडते तो कुठलीही लेन्स पाडू शकत नाही. बर्स्टमध्ये, म्हणजे सलग फोटो काढताना, चार-पाच फोटोंनंतर कॅमेरा अडतो, हीसुद्धा बॉडीचीच तक्रार. फक्त आधी कार्ड बदलून बघा. जुनं मंद कार्ड हे स्वस्तात सुटणारं कारण आहे.

स्थिर वस्तूवरही फोकस दर वेळी थोडा पुढे किंवा थोडा मागे पडत असेल तर एक साधी चाचणी करा. कॅमेरा ट्रायपॉडवर, समोर तिरकी ठेवलेली पट्टी. एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून, एक लाइव्ह व्ह्यूमधून (कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर बघून). लाइव्ह व्ह्यूचा शार्प आणि दुसरा नाही, तर लेन्स आणि बॉडीचं फोकस जुळत नाहीये. वरच्या श्रेणीतल्या डीएसएलआरमध्ये ते मेन्यूतून दुरुस्त होतं, बाकीचे सर्व्हिस सेंटरला द्यावे लागतात. खर्च होतो, पण नव्या लेन्सएवढा नाही.

‘अजून लांबचं हवं’ या हव्यासाचं एक वेगळंच आहे. १५०-६०० झूमचं वजन दोन किलोच्या आसपास असतं, आणि हलत्या होडीत ट्रायपॉड कुचकामी. वर १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणखी लांबची करणारी जोडकाच) लावला तर एफ ६.३चा एफ ९ होतो आणि जुन्या डीएसएलआरचा ऑटोफोकस बसतो. उन्हाळ्यात दुपारी दूरचा पक्षी पाण्यावरच्या गरम हवेतून थरथरताना दिसतो; ती थरथर सहाशेने फक्त मोठी होते. भिगवणचे नावाडी होडी बरीच जवळ नेतात, त्यामुळे तिथे ३००वरही भागतं. पुण्या-मुंबईत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळते. घेण्याआधी एक शनिवार-रविवार ती खांद्यावर वागवून बघा.

छोट्या गोष्टीसाठी मोठी खरेदी

कासच्या पठारावरची सीतेची आसवं ही इवली फुलं टिपायची म्हणून थेट मॅक्रो लेन्स घेण्याची घाई नको. आहे त्या ५० एमएमच्या मागे २५ एमएमची एक्स्टेन्शन ट्यूब (काच नसलेली पोकळ नळी) लावली की वस्तू सेन्सरवर अर्ध्या आकाराच्या वर उमटते. इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट असलेली ट्यूब घ्या, नाहीतर अ‍ॅपर्चर बदलता येत नाही. हा नाद वर्षभर टिकला तर मग मॅक्रो.

मेगापिक्सेलचंही तसंच. २४वरून ४५वर गेलात तरी फोटोची लांबी-रुंदी ३७ टक्क्यांनीच वाढते. ए-फोर आकाराचा उत्तम प्रिंट नऊ मेगापिक्सेलमध्ये निघतो.

कुठली लेन्स घ्यावी हे ठरत नसेल तर वर्षभरातले आवडलेले फोटो लाइटरूममध्ये किंवा फुकटच्या डिजीकॅममध्ये फोकल लेंथप्रमाणे (१८, ३५, ५५ एमएम असे) लावून बघा. गर्दी ५५च्या टोकाला असेल तर लांबची, १८च्या टोकाला असेल तर रुंद. गर्दी मधेच असेल आणि बहुतेक फोटो दिवसाउजेडीचे असतील तर दोन्हीपैकी काही घेऊ नका; रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) आणि चांगलं नॉइज कमी करणारं सॉफ्टवेअर यांवर अजून बरंच निघण्यासारखं आहे.

सेकंडहँड लेन्स न तपासता घेणं

मुंबई, कोकण, गोवा इथल्या लेन्समध्ये बुरशी ही नेहमीची गोष्ट. लेन्सची दोन्ही झाकणं काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर किंमत कितीही उतरवली तरी परत द्या. धुळीचे दोन-चार कण मात्र फोटोत दिसत नाहीत, त्यावरून भाव पाडता आला तर पाडा. घरी आणल्यावर ड्राय कॅबिनेटमध्ये, नाहीतर हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि हायग्रोमीटरसह, ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवा. कॅमेऱ्याच्या बॅगेत पावसाळाभर बंद ठेवू नका.

नवी असो वा जुनी, लेन्स हातात आल्यावर विटांच्या भिंतीसमोर ट्रायपॉड लावा, कॅमेरा भिंतीला समांतर ठेवून अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि फोटोचे चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा किंवा एकच बाजू मऊ असेल तर आतली एखादी काच तिरकी बसलीय, आणि ती दुकानात परत करायची मुदत बहुतेक ठिकाणी काही दिवसांचीच असते.